काका, सोमवारी ग्राइंडर लावण्याआधी

काका, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. जुन्या वाड्यांतला शिशाचा रंग आणि ॲस्बेस्टॉस घातलेले सिमेंटचे पत्रे यांवरचा माझा लेख म्हणजे एसीत बसून लोकांना घाबरवण्याचा उद्योग आहे, असं तुम्ही म्हणता. तुमच्या वडिलांनी पंचवटीतल्या त्याच वाड्यात, त्याच पत्र्याखाली नव्वदी गाठली. पालिका दर पावसाळ्याआधी ‘धोकादायक’ची नोटीस चिकटवून जाते, भाडेकरू दमडी काढत नाहीत, आणि येत्या सोमवारी पेंटर बोलावून तुम्ही ओसरीचे खांब ग्राइंडरने घासून घेणार आहात. ‘आता बोला ताई,’ असं शेवटी लिहिलंय, म्हणून बोलते.

आधी माझी चूक. ‘असा रंग आणि असे पत्रे काढून टाकावेत’ हे वाक्य मी सरसकट लिहून गेले. तसं लिहायला नको होतं. तुमच्या वडिलांना काही झालं नाही याचं मला नवल वाटत नाही, कारण त्यांनी पत्रे फोडले नाहीत. अखंड पत्र्यात ॲस्बेस्टॉस या खनिजाचे तंतू सिमेंटने धरून ठेवलेले असतात. पत्रा कापला, आपटला, मे महिन्यात शेवाळ काढायला तारेच्या ब्रशने घासला, की ते सुटतात. डोळ्यांना दिसत नाहीत. श्वासावाटे आत गेलेल्या तंतूंचा आजार कळायला वीस ते चाळीस वर्षं जातात. त्यामुळे ‘काही झालं का?’ हे पत्र्याखाली राहणाऱ्याला विचारून भागत नाही. ते पत्रा उतरवणाऱ्या मजुराला विचारायला हवं, आणि तो दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच कामावर गेलेला असतो.

म्हणजे तुमचा पत्रा धड असेल तर राहू द्या. मी लेखात उलट लिहिलं होतं, ते आज दुरुस्त करते.

रंगाच्या धोक्याचं मात्र मी मागे घेणार नाही. आमचा वाडा तांबट आळीत. मी आठवी-नववीत असताना बाबांनी खांबांवरचा हिरवा ऑइल पेंट ब्लो लॅम्पने जाळून काढून घेतला. तीन दिवस काम चाललं. रंग फुगायचा, पेंटर पात्याने तो ओढायचा आणि पापुद्रे चौकात पडायचे. आम्ही भावंडं ते केरसुणीने गोळा करायचो. तुळशीच्या मातीतसुद्धा हिरवी चुरी पडलेली होती. त्याने आम्हाला अमुक झालं असं मी म्हणत नाही. खांबाला काय झालं ते मात्र आजही दिसतं. वरच्या कोरीव केळफुलाच्या पाकळ्यांच्या कडा जळून बोथट झाल्या आणि सागाला काळे डाग पडले, ते अजून गेलेले नाहीत.

त्या जुन्या हिरव्यात बहुतेक वेळा पिवळा असायचा तो शिशाचा क्रोमेट, त्यात निळा मिसळला की हिरवा. सफेता, म्हणजे जुना पांढरा रंग, तो तर शिशाचाच. पारंपरिक शेंदूर हेही शिशाचं ऑक्साइड, आणि लोखंडी कठड्याला रंगाआधी लावायचे तो नारिंगी झाक असलेला हात त्याचाच. (दुकानात आज मिळतो तो तांबडा रेड ऑक्साइड वेगळा, त्यात लोखंड असतं.) घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भागांच्या) वर नको, हा नियम आपल्याकडे २०१६ साली निघाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. तुमच्या खांबांवरचे थर त्याच्या कितीतरी आधीचे.

ग्राइंडरने नेमकं काय होतं? खांबावर गप्प बसलेलं शिसं पिठासारखं बारीक होऊन घरभर बसतं. रांगणारं पोर जमिनीवरचा हात तोंडात घालतं, आणि लहान मुलाच्या रक्तात एवढं शिसं चालेल अशी कुठलीच सुरक्षित पातळी जागतिक आरोग्य संघटनेला माहीत नाही. तीच चकती सागावरची नक्षीही खाते. मला पटलेली गोष्ट एवढीच आहे, काका: ज्या घाईने लाकूड बिघडतं, त्याच घाईने माणूसही. दोघांनाही चालेल असं काम म्हणजे ओलं, हाताने आणि हळू. २०२२ मध्ये सप्तशृंगगडावर मूर्तीवरचा शेंदूर उतरवला, तेव्हा कित्येक आठवडे दर्शन बंद ठेवलं होतं. तिथे कोणी ग्राइंडरचं नाव काढलं असतं का?

पॅरिसच्या नोत्र दाम या जुन्या चर्चचंही सांगते. एप्रिल २०१९ च्या आगीत छत आणि मनोऱ्यावरचं शेकडो टन शिसं वितळलं. त्यानंतर जुलैअखेर काम थांबवावं लागलं, कारण कामगारांना शिशापासून पुरेसं जपलं जात नव्हतं. काम पुन्हा सुरू झालं ते कपडे बदलून, अंघोळ करूनच बाहेर पडायचं, या शिस्तीवर. वाड्याला एवढं नको. पण पेंटरने तेच कपडे घालून घरी जाऊन नातवाला उचलून घेऊ नये, एवढं तर जमेल.

खर्चाचं तुमचं म्हणणं खरं आहे. फुटलेला पत्रा घंटागाडीत टाकता येत नाही. तो घातक कचरा आहे, आणि तसा कचरा घेणारी केंद्रं तळोजा, रांजणगाव अशी लांब. चार पत्र्यांसाठी परवानाधारक गाडी कोण बोलावणार? गल्लीतल्या पाच-सहा वाड्यांनी मिळून बोलावली तरच परवडेल. तोवर पत्रा काढायचाच झाला तर साबणाचं पाणी मारून भिजवा, हुक बोल्टचे नट कापा, अख्खा खाली उतरवा आणि जाड प्लॅस्टिकमध्ये दोनदा गुंडाळा. वरून फेकायचा नाही. तुकडे भरावात घालायचे नाहीत.

खांबांना मात्र फार पैसा लागत नाही. रंग घट्ट धरून बसला असेल तर काढूच नका, त्यावरच नवा हात द्या. सुटत असेल तेवढाच भाग पाणी फवारून पात्याने खरवडायचा, खाली प्लॅस्टिक अंथरायचं, झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसायचं. पॉलिश पेपर लागलाच तर ओला. मास्क रुमालाचा नको, गाळणीच्या डब्या असलेला हवा.

रविवारी सकाळी मी तुमच्याकडे येते. आधी आतल्या बाजूला रुपयाएवढी जागा खरवडून किती थर आहेत ते बघू आणि एक पापुद्रा तपासायला पाठवू. तुम्ही लिहिलंय की ओसरीच्या दुसऱ्या खांबाला लागून गव्हाची कोठी आहे. मी येईपर्यंत तेवढी आत हलवून ठेवा.