बकरा कापला की आपण सुटलो? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

प्रतिक्रिया तिखट आहे, पण मुद्द्याची आहे, म्हणून सविस्तर लिहितो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: लेवीय या बायबलमधल्या बळींच्या नियमांच्या पुस्तकातला देव रक्त पाहिल्याशिवाय माफ करत नाही, पाप माणसाचं आणि मान बकऱ्याची, हाच हिशेब ख्रिस्ती लोकांनी येशूच्या माथी मारला, वर मलकीसदेकाची, म्हणजे अब्राहामाच्या काळातल्या एका राजा-याजकाची, पळवाट काढून त्याला याजकही करून टाकलं. आणि तो एकदाच कायमचा अर्पण झाला असेल, तर चर्चमध्ये अजून वेदी आणि याजक कशाला?

लेवीयाचा सोळावा अध्याय जरा सावकाश वाचा. प्रायश्चित्ताच्या दिवशी दोन बकरे आणून चिठ्ठ्या टाकतात. परमेश्वराच्या नावाचा बकरा कापला जातो, पण त्याच्या डोक्यावर कोणी पाप कबूल करत नाही. त्याचं रक्त पडद्याच्या आत नेऊन दयासनावर (कराराच्या कोशाच्या झाकणावर) शिंपडतात, ते लोकांच्या अशुद्धतेने विटाळलेलं पवित्रस्थान शुद्ध करण्यासाठी. मग महायाजक अहरोन दुसऱ्याच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवतो, इस्राएलाचे सगळे अपराध बोलून दाखवतो, आणि त्या बकऱ्याला जिवंतच रानात सोडून देतात. (पुढे त्याला कड्यावरून लोटत, असं मिश्ना हा नंतरचा यहुदी नियमसंग्रह सांगतो, लेवीयात ते नाही.) म्हणजे ज्याच्यावर पाप लादलं तो कापला जात नाही, आणि जो कापला जातो त्याच्यावर पाप लादलेलं नाही. शिक्षेचा हिशेब इथे बसतच नाही.

रक्तावाचून क्षमा नाही, हे नव्या करारातल्या इब्री पत्राचं ९:२२ तुम्ही माझ्यापुढे टाकलंत. त्याच ओळीत 'बहुतेक सर्व' रक्ताने शुद्ध होतं असंही आहे, आणि ते उगाच नाही. ज्याला मेंढरू परवडत नाही त्याने दोन होले आणावेत. तेही जमत नसेल तर एफाचा दहावा भाग सपीठ, म्हणजे दोनेक लिटर. त्यावर तेल नको, ऊद नको. याजक त्यातलं मूठभर वेदीवर जाळतो आणि माणसाला क्षमा होते. लेवीय ५.

आणि 'आपण सुटलो' म्हणाल, तर तसं कोणी सुटत नाही. कुणाची ठेव दाबली, कुणाला लुबाडलं, तर ते सगळं परत करायचं, वर पाचवा हिस्सा भरायचा, तोही मालकाच्या हातात. मेंढा त्याच्या जोडीला. वेदीशी आणलेलं दान तिथेच ठेव आणि आधी भावाशी समेट कर, असं येशू म्हणतो तेव्हा तो याच वळणावर चाललेला असतो.

देवाचा राग शमवायला येशूने आपली शिक्षा भोगली, ही मांडणी सोळाव्या शतकात कॅल्व्हिनसारख्या प्रोटेस्टंट सुधारकांनी पक्की केली. तिला यशया ५३चा (दुसऱ्यांसाठी सोसणाऱ्या सेवकाच्या अध्यायाचा) आधार आहे, नाही असं नाही. पण तिचा चष्मा लावून लेवीय वाचलं की बकऱ्यालाही गुन्हेगार ठरवावं लागतं. तुमचा राग त्या उपदेशावर असेल तर मी तुमच्या बाजूचा.

मलकीसदेकाला मात्र पळवाट म्हणू नका. याजक लेवीच्या वंशातले आणि येशू यहूदाच्या वंशातला, तो पृथ्वीवर असता तर याजक झालाच नसता, हे इब्रीकर्ता स्वतःच कबूल करतो. त्याला हवा आहे तो न मरणारा याजक, ज्याच्या जागी दुसरा नेमावा लागत नाही. तो त्याला स्तोत्र ११०मध्ये सापडतो, तिथे मलकीसदेकासारखा कायमचा याजक म्हटलं आहे. अब्राहामाने मलकीसदेकाला दशमांश दिला, म्हणजे त्याच्या पोटात असलेल्या लेवीनेही तो दिला, हा त्याचा युक्तिवाद मलाही ताणलेला वाटतो. पण म्हणून सगळा अध्याय मोडीत निघत नाही.

राहिला वेदीचा प्रश्न. मी कॅथलिक, त्यामुळे माझं उत्तर तुम्हाला ठाऊकच असेल: मिस्सा, म्हणजे आमची वेदीवरची उपासना, हा नवा बळी नव्हे. आमच्या चर्चच्या ट्रेंट परिषदेनेही १५६२ साली हेच म्हटलं, की अर्पण तेच, अर्पणारा तोच, पद्धत तेवढी वेगळी. प्रोटेस्टंट मित्रांना हे कधीच पटलेलं नाही, आणि ते बोट ठेवतात त्याच इब्री पत्रातल्या 'एकदाच'वर.