बाबा, दाबा!

गाडी घेताना ती पळते कशी हे मी चारदा बघितलं. थांबते कशी हे बघायचं राहून गेलं.

गाडी १९७२ सालची एमजीबी जीटी. रंग पिकल्या लिंबाचा. एमजी म्हणजे मॉरिस गॅरेजेस. ज्या गाडीच्या नावातच गॅरेज आहे तिचं अर्धं आयुष्य कुठे जाणार हे मला कळायला हवं होतं. १९६२ ते १९८० या काळात इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यातून पाच लाखांवर एमजीबी बाहेर पडल्या, आणि त्यातली एक माझ्या कॉव्हेंट्रीच्या घरासमोर येऊन टपकली. घेतल्यावर बाबांना फोन केला. मूळचं १७९८ सीसीचं इंजिन आपल्या अँबॅसिडरच्या १४८९ सीसी इंजिनाच्या भावकीतलं, दोघंही बीएमसीच्या, म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या, बी-सिरीजमधले, असं सांगितल्यावर बाबा खूश झाले. "म्हणजे ओळखीतलंच स्थळ," म्हणाले.

पण ओळखीतलं इंजिन आता गाडीत नव्हतंच. आधीच्या मालकाने ते काढून रोव्हर गाडीचं साडेतीन लिटरचं, आठ सिलिंडरचं व्ही-८ बसवलं होतं. यात नवल नाही. एमजी कंपनीनेही १९७३ ते १९७६ मध्ये अशा २,५९१ जीटी व्ही-८ बनवल्या होत्या. फरक एवढाच, की कंपनीने इंजिनासोबत ब्रेकच्या डिस्कही जाड केल्या, त्या डिस्कना चिमटीत धरणारे कॅलिपर मोठे केले आणि तारांची चाकं देणं बंद केलं. माझ्या गाडीच्या मालकाने घोडा बदलला, लगाम तोच ठेवला. वर शोभेसाठी तारांची चाकं चकचकीत पॉलिश करून दिली.

तारांच्या चाकांचं प्रकरण असं असतं: चाक ज्यावर बसतं त्या हबवर बाहेरून आडवे दाते, चाकाच्या आतून तसेच दाते, दोन्ही एकमेकांत अडकवायचे आणि वरून एक भलीमोठी चाकी, म्हणजे नट, तांब्याच्या हातोड्याने ठोकून आवळायची. दिसायला राजेशाही. पण माझ्या हबचे दाते झिजून करवतीसारखे धारदार झाले होते. गाडी सुरू करताना 'कट्', ब्रेक लावताना 'कट्'. पाहुण्यांना वाटायचं, जुन्या गाडीचा हा दिमाखदार आवाज असावा. मीही तसंच सांगायचो. मग एका उतारावर ब्रेक तापले, पेडल स्पंजासारखं खाली गेलं, आणि समोरच्या बसच्या मागच्या खिडकीतल्या मुलीने मला हात केला. मी केला नाही. माझे दोन्ही हात स्टिअरिंगला चिकटले होते.

त्याच महिन्यात बाबा तीन महिन्यांसाठी आले. एसटीच्या इस्लामपूर आगारात मेकॅनिक म्हणून ३४ वर्षं काढलेला माणूस. बॅगेत लोणच्याच्या बरणीपेक्षा पाने जास्त. "तिथं मिळतात की नाही कुणास ठाऊक," म्हणाले. इंग्लंडमध्ये पाने मिळतात का, ही काळजी करणारा बाबा एकटाच असेल. खरं तर काळजी करायला जागा होती. माझ्या गाडीचे नट इंची आणि बाबांचे पाने मिलिमीटरचे. अर्ध्या इंचाच्या नटावर १३ नंबरचा पाना बसतो. अगदी बसल्यासारखा वाटतो. मधली ०.३ मिलिमीटरची फट मात्र जोर लावल्यावर कळते, नटाचे कोपरे गुळगुळीत गोल झाल्यावर. पहिल्याच दिवशी एक नट असा गेला. बाबांनी नटाला शिवी दिली, पान्याला नाही.

शनिवारी सकाळी ब्रेक, हब आणि तारांची चाकं बदलायचं काम काढलं. उजवीकडची पुढची चाकी सैल करायला मी हातोडा घेऊन भिडलो. अर्धा तास ठोकलं. घाम, चहा, पुन्हा घाम. बाबा खुर्चीवर बसून बघत होते. शेवटी म्हणाले, "उलटे आटे आहेत काय बघ की."

"तुम्हाला कसं कळलं?"

"अर्धा तास तू आवळतोयस म्हणून."

डावीकडचे आटे सरळ, उजवीकडचे उलटे. पुस्तकात हे लिहिलं होतं. मी ते पान वाचलंही होतं, पण झोपताना. शेजारचे गोरे आजोबा कुंपणावरून डोकावून म्हणाले की काम छान चाललंय. इंग्रज माणूस 'छान' म्हणतो तेव्हा काय समजायचं हे इथे बारा वर्षं काढल्यावर मला कळतं.

चाक निघालं, आत हब. तारांच्या चाकाच्या हबला बाजूने एक बारीक भोक असतं. त्यातून, नट सुटू नये म्हणून लावलेली स्प्लिट पिन पकडीने ओढून काढायची. पन्नास वर्षांचा गंज, ग्रीसचा चिखल आणि त्या भोकात एक पकड. दातांच्या डॉक्टरबद्दल माझ्या मनात त्या दिवसापासून आदर आहे. पिनेचा एक पाय तुटून आतच राहिला. तो काढायला दुपार गेली, इथे जास्त सांगत नाही.

नव्या हबला चार बोल्ट असलेली, साधी चाकं लागतात. पण ती बसवण्याआधी बेअरिंगचा खेळ, म्हणजे ढिलेपणा, जमवावा लागतो. हबमध्ये दोन बेअरिंग, मधे स्पेसर आणि त्याच्यासोबत शिम म्हणजे कागदासारख्या पातळ पोलादी चकत्या. नट पूर्ण आवळायचा, आणि तरी हबमध्ये २ ते ४ हजारांश इंच एवढा खेळ राहिला पाहिजे. चकती घातली की खेळ वाढतो, काढली की कमी होतो. मी तो मोजायला खास काट्याचा डायल गेज मागवला होता. बाबांनी हब वर-खाली धरून हलवला, डोळे मिटले, जरा वेळ थांबले आणि म्हणाले, "आणखी एक पत्री घाल." मी घातली. गेज लावला. काटा तीनवर. गेज मी खोक्यात परत ठेवला. पावती कुठे आहे ते आता शोधतोय.

मागच्या चाकांचं रामायण वेगळं. तारांच्या चाकांचा मागचा एक्सलच मुळात अरुंद असतो, म्हणून नुसता हब बदलून भागत नाही, अख्खा एक्सल शोधावा लागतो, हे मला पुढचे हब बसल्यानंतर समजलं. पुढचे तीन आठवडे गाडी पुढे बूट आणि मागे चप्पल घातल्यासारखी उभी होती. एक्सल मिळाला, बसला, पाठ गेली. पुढे.

जाड डिस्क आणि चार पिस्टनचे ॲल्युमिनियमचे कॅलिपर मात्र सुखाने बसले. त्यांना बघून बाबा पहिल्यांदा "हां" म्हणाले. जुन्या चाकांच्या तारांना हेच कॅलिपर घासले असते, हे शेजारच्या आजोबांनी कुंपणावरून सांगितलं. बाबांना इंग्रजी येत नाही, त्यांना मराठी येत नाही. कॅलिपरकडे बघून दोघांनी एकदमच मान हलवली.

आता उरली हवा काढायची. ब्रेकच्या नळीत हवा राहिली तर पेडल दाबताना आधी ती हवाच दबते, ब्रेक नंतर. म्हणून एकाने आत बसून पेडल दाबायचं, दुसऱ्याने चाकापाशी झोपून निपल, म्हणजे हवा सोडायचा छोटा स्क्रू, सैल करायचं, बुडबुडे बाहेर आले की निपल बंद, मगच पाय सोडायचा. निपल उघडं असताना पाय सुटला तर बाहेरची हवा आत. पेडल ज्याला दाबतं त्या मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबचं चाक आधी. मी मागच्या चाकाखाली आडवा, बाबा आत. ३४ वर्षं कार्यशाळेत काढल्यामुळे बाबांचा डावा कान जवळपास निवृत्त झालाय.

"बाबा, दाबा!"

"दाबलं!"

"बाबा..." मला म्हणायचं होतं, 'बाबा, जरा धरून ठेवा, निपल अडकलंय.' पण 'बाबा' ऐकताच त्यांनी पाय उचलून पुन्हा दाबला.

"थांबा!"

"दाबलं की!"

बाबा, दाबा, थांबा. एका निवृत्त कानाला हे तिन्ही शब्द एकच. निपलला लावलेल्या नळीतून खालच्या बरणीत बुडबुडे बाहेर येत होते आणि तेवढेच परत आत जात होते. मधे एकदा दचकून उठलो, डोकं आदळलं, नळी सुटली आणि ब्रेक ऑइलचा शिडकावा थेट मडगार्डवर. याला ऑइल म्हणतात, पण असतं ते ग्लायकॉल, आणि रंग खाण्याची त्याला आवड आहे. पाण्याची बादली ओतेपर्यंत पिकलं लिंबू दोन ठिकाणी सुरकुतलं.

बाबा खाली उतरले. सुरकुत्यांकडे बघितलं. मग रिकामी बादली उलटी करून माझ्यासमोर ठेवली आणि हातात १३ नंबरचा पाना दिला.

"बेल मार," म्हणाले.

एक बेल म्हणजे थांबा, डबल बेल म्हणजे चला. कंडक्टर मारतो तशी. टण्. पेडल खाली. निपल उघडलं, बुडबुडे, निपल बंद. टण् टण्. पेडल वर. चारही चाकांची हवा पाऊण तासात निघाली. १३ नंबरचा पाना शेवटी कामाला आला. शेजारच्या आजोबांनी कुंपणावरून विचारलं की ही काही धार्मिक पद्धत आहे का. मी हो म्हणालो. समजावून सांगण्याइतकी ताकद नव्हती.

चाळीस वर्षं उलटलेल्या गाडीला इथे एमओटी तपासणीची सक्ती नसते, पण मोठे बदल केलेल्या गाडीला ही सूट नाही. माझीत मूळचं काय शिल्लक आहे यावरच वाद होईल, म्हणून मुकाट्याने नेली. रोलरवर चारही ब्रेक पास झाले.

परत येताना बाबा डावीकडच्या सीटवर होते. आमच्या गल्लीच्या तोंडावर एक सायकलवाला अचानक आडवा आला आणि त्याने घंटी वाजवली. एकदाच. टण्. गाडी जागच्या जागी उभी राहिली. मी पेडल दाबलं होतं हे मला नक्की आठवतंय. पण बाबांचाही उजवा पाय समोरच्या पत्र्यावर गच्च रोवलेला होता, आणि तो काढायची त्यांना काही घाई नव्हती.

रात्री त्यांनी इस्लामपूरला काकांना फोन लावला. मी बाजूच्या खोलीतून ऐकलं.

"चांगली झाली गाडी. एका बेलला थांबती."