अडकित्त्यापेक्षा पिस्तूल बरं

छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळावरून मुंबईला विमानानं निघालात आणि सोबत घरातली एखादी म्हातारी आत्या असेल, तर फुकटचा सल्ला ऐका. तिच्या चंचीतला अडकित्ता घरीच काढून घ्या. नाहीतर त्याऐवजी तिला रीतसर एक पिस्तूल घेऊन द्या.

थट्टा नाही. पिस्तुलाची विमानतळावर काय सरबराई असते! परवाना दाखवा, काउंटरवर सांगा, गोळ्या काढा, कागदावर सही ठोका. साहेब विमानाच्या पोटात निजून मुंबईला. मागल्या दिवाळीत आमच्या आत्याच्या अडकित्त्याला मात्र प्लास्टिकचा ट्रे मिळाला. पितळी मोराचा, एक डोळा अंगठ्याखाली घासून सपाट झालेला. जवान भला माणूस होता. "माताजी, ये नहीं जाएगा."

"लेकरा, यानं सुपारी फुटंना गेलीय, इमान कुठून फुटतंय?"

चेक-इनच्या बॅगेत टाकला असता तर गेला असता. पण आत्याकडं बॅग कुठली? एक पिशवी, ती मांडीवर.

चूक तिचीच. तिला परवान्याचा नाद लागला नाही. शेजारच्या बीड जिल्ह्याकडं बघा. डिसेंबर 2024 मध्ये मस्साजोगच्या सरपंचांचा खून झाला आणि कुणाकुणाच्या कमरेला काय आहे त्याची चर्चा सुरू झाली, तर परवाने हजाराच्या वर निघाले. आणि जिल्ह्याला प्रवासी विमानतळ एकही नाही! सगळी तयारी वाया.

तर पिस्तूल घ्याच, पण पथ्य पाळा. वरातीत हवेत बार काढू नका. 2019 च्या कायदादुरुस्तीनं त्याला 2 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाखापर्यंत दंड, नशीब जोरात असेल तर दोन्ही. आणि भाच्याच्या हळदीला नेलेली बॅग विमानतळावर नेण्याआधी अंगणात उलटी करून झटका. तळाशी काडतूस राहिलं असेल तर ते तुमच्याआधी मशीनला दिसतं, मग शस्त्र कायदा 1959. "विसरलो होतो" म्हणणाऱ्यांना कोर्टानं सोडलेलंही आहे, जाणीवपूर्वक ताबा नव्हता म्हणून. तोवर विमान गेलेलं असतं, हा भाग वेगळा. अडकित्ता विसरणाऱ्याला असली सोय नाही.

नांदेडकरांचं त्यातल्या त्यात बरं. शीख प्रवाशाला देशातल्या देशात कृपाण नेता येतं. पातं 6 इंचांपर्यंत, मुठीसकट 9. विमान सुरक्षेच्या ब्युरोत कुणीतरी पट्टी घेऊन बसलं, माप ठरवलं, वाद मिटला. शहाणपणाचं काम. तीच पट्टी जरा सुपारीकडंही फिरवा, एवढंच आमचं मागणं.

लाल तिखटाची पुडी हातातल्या पिशवीत ठेवू नका. लेकीसाठी सुकं खोबरं तर नकोच. तेलानं पेट घेतं म्हणून ते सामानाच्या बॅगेतही चालत नाही. पॉवर बँक उलट, ती हातातच हवी. याचा मेळ घालत बसू नका, रांग लांब असते.

आत्या मुंबईत उतरली तेव्हा चंचीत अख्ख्या सुपाऱ्या तशाच. जावयानं पानपट्टीवरून मशीनवर कातरलेली सुपारी आणून दिली. तिनं एक खांड तोंडात टाकलं, चावलं, बाजूला थुंकलं.

"परतीला देवगिरी एक्स्प्रेसचं तिकीट काढ रे बाबा."