पंकचं सोवळं कसं पाळावं

ग्रीन डे हा अमेरिकन पंक रॉक बँड. 'मला ग्रीन डे आवडतो' असं चारचौघांत बोलून बसू नका. आवडणं हे नवशिक्यांचं काम. मुरलेल्या चाहत्याची बँडबद्दल तक्रार असते, आणि तक्रार जितकी जुनी तितका त्याचा मान मोठा. तेव्हा गाणीबिणी नंतर ऐका, आधी आपली तक्रार कुठल्या सालची ते ठरवून घ्या.

2004 ची घेऊ नका. 'अमेरिकन इडियट' आला आणि ही पोरं डोळ्यांत काजळ घालून नऊ-नऊ मिनिटांची गाणी म्हणायला लागली, हे आता कुणीही सांगतं. 2010 मध्ये त्या अल्बमचं ब्रॉडवेवर खरोखरचं संगीत नाटक झालं, तेव्हापासून तर त्या तक्रारीला काही भावच उरलेला नाही. सगळ्यात भारदस्त तक्रार 1994 ची. त्या फेब्रुवारीत 'डूकी' हा अल्बम आला, तो वॉर्नर या बड्या रेकॉर्ड कंपनीच्या घरातल्या रिप्रीज लेबलवर. बर्कलीतला 924 गिलमन स्ट्रीट हा क्लब म्हणजे या मंडळींचं माहेर. पण तिथे मोठ्या लेबलच्या बँडना मज्जाव होता, त्यामुळे माहेरचं दार बंद झालं. तुम्ही तेव्हा डोंबिवलीत बालवाडीत डबा खात होतात किंवा जन्मलाच नव्हतात, याने काही बिघडत नाही. 'गिलमनशी गद्दारी केली त्यांनी' हे वाक्य म्हणताना आवाज जरा खाली उतरवा आणि दूर कुठेतरी बघा. गिलमन कुठल्या राज्यात आहे असं कुणी विचारत नाही. 2015 मध्ये एका मदतनिधीसाठी ग्रीन डे त्याच क्लबात परत वाजवून आला, म्हणजे क्लबाने आपल्या बाजूने विषय मिटवला. तुम्ही मिटवू नका.

याहून वरची पायरी ढोलकरी मंडळींची आहे. '39/स्मूथ' या पहिल्या अल्बमवर ड्रम्स वाजवले जॉन किफमायरने, ज्याला अल सोब्रांते म्हणत. ट्रे कूल त्याच्यानंतर आला. म्हणजे 'कर्प्लंक' हा दुसरा अल्बमसुद्धा उत्तरकाळातला! 'अल गेला तिथेच बँड संपला' असं म्हणणारा माणूस कुठे भेटला तर वाद न घालता त्याच्या शेजारची खुर्ची पकडा. मात्र त्याच्यावरही कडी करायची असेल, तर नुसतं 'स्वीट चिल्ड्रेन' एवढंच म्हणा. 1989 पर्यंत बँडचं नाव तेच होतं. नामकरणाच्या आधीची तक्रार असलेल्या माणसाला सहसा कुणी आव्हान देत नाही.

आता गाण्यांकडे वळू, नाइलाज आहे. 'बास्केट केस'चं नाव काढायचं नाही. ते रिक्षावाल्यालाही माहीत असण्याची शक्यता आहे. 'लाँगव्ह्यू' चालेल, पण स्तुती फक्त माइक डर्न्टच्या बेस गिटारची करायची. आवडतं गाणं कुठलं, असं विचारलंच तर 'डूकी'च्या शेवटी 'एफ. ओ. डी.' संपल्यावर मध्ये बराच वेळ शांतता आणि मग ट्रे कूल जे बालिश गाणं म्हणतो, ते सांगा. ते ऐकायलाही कष्ट पडतात हे महत्त्वाचं. सीडी घरात असेल तर तिचं मागचं कव्हर तपासा. सुरुवातीच्या प्रतींवर गर्दीत 'सेसमी स्ट्रीट'मधल्या अर्नीची बाहुली दिसते, नंतरच्या प्रतींवरून ती पुसून टाकली. तुमच्या कव्हरवर अर्नी नसेल तर ती सीडी पाहुण्यांच्या नजरेला पडू देऊ नका.

'गुड रिडन्स'ला मात्र वेगळी तयारी लागते. हे गाणं कुठल्या ना कुठल्या सेंड-ऑफला वाजणारच, आणि मुलं-मुली एकमेकांच्या गळ्यात पडून रडणारच. तुमची वेळ तीच. रडणाऱ्याच्या खांद्यावर हात ठेवा आणि हळूच सांगा की हे गाणं सोडून गेलेल्या मैत्रिणीवरच्या रागातून लिहिलंय, नावातच 'बरी ब्याद टळली' आहे. मग सुरुवात पुन्हा लावायला सांगा. बँडचा गायक-गिटारवाला बिली जो आर्मस्ट्राँग पहिली सुरावट वाजवायला घेतो आणि चुकतो, परत घेतो, परत चुकतो, तोंडातल्या तोंडात एक शिवी घालतो आणि तिसऱ्या वेळी गाणं सुरू होतं. ते चुकणं रेकॉर्डवर तसंच राहू दिलंय. माझ्या मते या बँडच्या उभ्या कारकिर्दीतले सर्वांत पंक सेकंद हेच, आणि ते नेमके व्हायोलिनवाल्या गाण्यात आहेत. पण हे मी तुम्हाला खासगीत सांगतोय. तुम्ही बाहेर 'व्हायोलिन आलं तिथे पंक मेलं' हेच म्हणायचं.

पण खरी परीक्षा साइड प्रोजेक्टची, म्हणजे याच मंडळींच्या फावल्या वेळातल्या दुसऱ्या बँडची. इथे नियम एकच, साइड प्रोजेक्ट मूळ बँडपेक्षा सरस असतो, कारण तो कमी लोकांनी ऐकलेला असतो. ऐकणारे वाढले की त्याचा दर्जा आपोआप घसरतो. पिनहेड गनपावडर या दृष्टीने आदर्श: 1991 पासून अधूनमधून चालू, ड्रम्सवर ॲरन कॉमेटबस, जाहिरात जवळजवळ नाही. 'ग्रीन डे? अच्छा, पिनहेड गनपावडरमधला तो बिली, त्याचा दुसरा बँड ना?' असं एकदा बोलून बघा. समोरचा त्या दिवशी पुन्हा तोंड उघडणार नाही. 2024 मध्ये त्यांचा नवा अल्बम आला ही जरा पंचाईतच झाली, पण सांभाळून घ्या.

गायिका नोरा जोन्सबरोबर बिली जोने 2013 मध्ये एव्हर्ली ब्रदर्सची जुनी गाणी गायली, त्या अल्बमपासून सावध राहा. तो आईला आवडतो. 'किती गोड आवाज आहे रे, हाच का तो ओरडणारा?' असं तिने विचारलं की तुमची इतक्या वर्षांची तपश्चर्या पाण्यात.

द नेटवर्कवर मात्र अख्खी रात्र काढता येते. 2003 मध्ये बिली जोच्याच ॲडलिन लेबलवर मुखवटे घातलेल्या या टोळीचा अल्बम आला. कीबोर्डचा सुळसुळाट आणि सभासदांची नावं फिंक, व्हॅन गॉफ, द स्नू. गाणं सुरू होताच आवाज कुणाचा ते कळत होतं, तरी ग्रीन डेवाले 'हे आम्ही नव्हेच' म्हणत नेटवर्कशी भांडत राहिले. त्याच वर्षी ग्रीन डेच्या 'सिगरेट्स अँड व्हॅलेंटाइन्स' या होऊ घातलेल्या अल्बमच्या मास्टर टेप स्टुडिओतून चोरीला गेल्या. एवढं इंधन पुरे. मग पुढचा संवाद टपरीवर होतो:

'चोरीबिरी काही नाही रे, नेटवर्कचा अल्बम म्हणजेच ती गाणी.'

'वेडा का तू? ती फास्ट पंक होती. ही न्यू वेव्हची टिंगल आहे.'

'तू ऐकलीयेस ती चोरीची गाणी?'

'तू ऐकलीयेस?'

इथे दोघंही गप्प होतात, चहा येतो, वाद पुन्हा पहिल्यापासून सुरू. न ऐकलेल्या गाण्यांवर इतका ठाम बोलणारा माणूस मी दुसऱ्या कुठल्या क्षेत्रात पाहिलेला नाही, आणि मी राजकारणावरच्या चर्चाही ऐकतो. नेटवर्कचा दुसरा अल्बम 2020 च्या डिसेंबरात आला, तेव्हा तरी प्रश्न सुटेल असं वाटलं होतं. सुदैवाने सुटला नाही.

राहता राहिला प्रत्यक्ष कार्यक्रम. मार्च 2025 मध्ये ग्रीन डे लोलापलूझा या संगीत महोत्सवासाठी महालक्ष्मी रेसकोर्सवर आला, तेव्हा पहिल्याच गाण्याला उड्या मारणारे हजारो लोक होते. तुम्ही पुढच्या वेळी मागे, बिअरच्या स्टॉलजवळ, हाताची घडी घालून उभे राहा. या मंडळींना एक जुनी खोड आहे. ऑपरेशन आयव्ही या जुन्या पंक बँडचं 'नॉलेज' हे मोजक्या कॉर्ड्सचं गाणं काढायचं, गर्दीतल्या कुणालाही वर ओढायचं, गळ्यात गिटार अडकवायची आणि बऱ्याचदा ती त्यालाच देऊन टाकायची. समजा, कालच मॉलमधून घेतलेला ग्रीन डेचा टी-शर्ट घातलेला एखादा पोरगा वर गेला, थरथरत का होईना गाणं पूर्ण वाजवलं आणि गिटार घेऊन खाली उतरला, तर टाळ्या वाजवू नका. गर्दीतून वाट काढत त्याच्यापर्यंत पोचा, त्याचे डाउनस्ट्रोक कुठे चुकले ते समजावून सांगा आणि गिटारवरून नजर न हटवता विचारा, 'अल सोब्रांतेचं खरं नाव काय, सांग बघू?'