तापमान स्थिर असताना

ऑक्टोबरातला रविवार. लाईट सकाळी साडेनऊला गेलेली, म्हणजे संध्याकाळपर्यंत विसरायची. पाऊस जाऊन आठवडा झालेला, भात कापायला आलेलं, आणि हवा अशी की आंघोळ करून टॉवेल गुंडाळेपर्यंत परत आंघोळीची वेळ. असल्या मुहूर्तावर आमची चिऊ वही घेऊन पडवीत आली आणि म्हणाली, "बाबा, उद्या केमिस्ट्री आहे आणि गॅस लॉज अजिबात डोक्यात जात नाहीयेत."

मी म्हटलं आईला विचार. तर आतून कांदा चिरता चिरता आवाज आला, "बाबांनाच विचार, ते सायन्सचे आहेत."

मी सायन्सचा म्हणजे किती, तर बारावीपर्यंत. त्यानंतर सायन्सने मला आणि मी सायन्सला दोघांनी एकमेकांना हात जोडले, मी कॉमर्सला गेलो आणि आज एका पतपेढीत लोकांच्या पिग्मीचे हिशोब करतो. पण लग्नाच्या वेळी वडिलांनी पाहुण्यांना सांगताना "मुलगा सायन्स साईडचा" असं सांगितलेलं, ते बायकोने गेली अठरा वर्षं जपून ठेवलंय आणि मिक्सर बिघडला की बाहेर काढते.

माझं आणि गॅस लॉजचं जुनं भांडण आहे. बारावीला गणित आलं होतं: 25 अंश सेल्सिअसला 2 लिटर गॅस आहे, दाब तोच ठेवून तापमान 50 अंश केलं तर आकारमान किती? मी म्हटलं पंचवीसचे पन्नास झाले, दोनाचे चार होणार, दोन ओळीत उत्तर लिहिलं आणि वर्गातल्या हुशार पोरांकडे जरा दयेने बघितलं, ती बिचारी अजून कसली तरी बेरीज करत बसली होती. ती 273 मिळवत होती. सेल्सिअसचं शून्य हे पाण्याच्या सोयीने ठरवलेलं शून्य, गॅसला त्याचं काही देणंघेणं नाही, गॅसचं खरं शून्य आहे खाली उणे 273.15 वर, आणि मोजायचं ते तिथून, केल्विनमध्ये. म्हणजे 298 केल्विनचे 323 झाले, दुप्पट कसले, साडेआठ टक्के सुद्धा वाढ नाही. उत्तर 2.17 लिटर. पेपर हातात आला तेव्हा माझ्या 4 वर सरांनी गोल केलेला आणि बाजूला नुसतं उद्गारचिन्ह, मार्क नाही.

हे सगळं चिऊला सांगायचं नाही असं ठरवून मी पुस्तक उघडलं आणि मोठ्याने वाचायला लागलो. बॉईलचा नियम, 1662 साल. तापमान आणि गॅसचं प्रमाण स्थिर असताना दाब वाढला तर आकारमान त्याच हिशोबात कमी होतं. दाब दुप्पट, आकारमान निम्मं.

आमची आये कोपऱ्यात सुपात तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली. "कोण ह्यो बॉईल? उकड्या तांदळाचो शोध तेनी लावल्यान की काय?"

चिऊ हसली, मी पण हसलो, पण खरं सांगतो, कॉलेजात एक अख्खं वर्ष मला पण वाटायचं की बॉईलचा उकळण्याशी काहीतरी संबंध असणार. काही नाही. रॉबर्ट बॉईल हे माणसाचं नाव. तो एका बाजूने बंद असलेल्या वाकड्या काचेच्या नळीत पारा ओतत बसायचा आणि आत कोंडलेली हवा किती आकसते ते मोजायचा.

आपल्याकडे पारा नाही, म्हणून मी माळ्यावरचा सायकलचा पंप काढला. आयडिया सोपी. खालचं तोंड मी अंगठ्याने बंद करणार, चिऊ दांडा दाबणार, जागा निम्मी झाली की दाब दुप्पट, तो माझ्या अंगठ्याला कळणार. तिने दांडा दाबला तो सरळ खाली गेला. अंगठ्याला काही नाही. परत दाबला, परत काही नाही. म्हटलं बॉईल इंग्लंडातच चालतो की काय. खोलून बघितलं तर आतला चामड्याचा वायसर वाळून सुकटासारखा झालेला, हवा दांड्याच्या बाजूने वरच पळत होती. म्हणजे गॅसचं प्रमाण काही स्थिर नव्हतं. मग वायसरला खोबरेल लावलं, बोटाने चोळून चोळून त्याची कड बाहेर काढली, पंप जोडला, आणि आता दाबल्यावर मात्र असा काही जोर आला की अंगठा सटकला, फुस्स करून हवा निघाली आणि तेलाचा फवारा डायरेक्ट वहीच्या त्या पानावर जिथे तिने लाल पेनने बॉईल्स लॉ लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या.

चार-पाच वेळा केल्यावर चिऊने पंपाला हात लावला आणि म्हणाली, "बाबा, हा खाली गरम झालाय."

झालाच होता. हवा भरभर दाबली की ती तापते, सायकलवाल्या कुठल्याही माणसाला हे माहीत असतं.

"मग तापमान स्थिर कुठेय?"

आता ह्याला काय बोलणार. सावकाश दाब म्हटलं, उष्णता बाहेर जायला वेळ दे. सावकाश दाबलं तर वायसरमधून हवा जाते. भरभर दाबलं तर तापमान जातं. मला इथे पहिल्यांदा शंका आली की पुस्तकवाल्यांचं हे "स्थिर असताना" प्रकरण जरा गडबडीचं आहे. तीन गोष्टी असतात, त्यातली एक गप्प उभी राहते म्हणून बाकीच्या दोघींचं भांडण नीट दिसतं. आमच्या घरात आज सकाळपासून कोणीही गप्प उभं राहिलेलं नव्हतं.

तेवढ्यात कुकरची शिटी झाली. मी खूष. म्हटलं हे बघ, हा तिसरा नियम, गे-लुसॅकचा, आकारमान स्थिर, कुकर काय फुगत नाही, तापमान वाढलं की दाब वाढतो, कुकरात तर दुप्पट होतो. कुठल्याही क्लासमध्ये कुकरचंच उदाहरण देतात. आणि मला जरा इतिहास पण माहीत होता तो मी टाकला, की कुकरचा पूर्वज 1679 साली देनी पापॅं नावाच्या फ्रेंच माणसाने केला, हाडं मऊ करायला, त्याला सेफ्टी व्हॉल्व्ह पण होता, आणि हा पापॅं एकेकाळी त्याच बॉईलचा असिस्टंट होता. म्हणजे आये अगदीच चुकली नव्हती. उकडे तांदूळ आज ज्यात शिजतात ते भांडं बॉईलच्या माणसानेच काढलं.

चिऊने कॅल्क्युलेटर काढला. ही पोरगी पतपेढीत यायला पाहिजे. कुकरात पाणी साधारण 120 अंशाला उकळतं, म्हणजे 393 केल्विन. सकाळी झाकण लावलं तेव्हा 33, म्हणजे 306. भागाकार केला तर दाब जेमतेम 1.28 पट. "पण बाबा, कुकरात दाब दुप्पट असतो असं तूच म्हणालास."

मी म्हटलं तो असतोच.

"मग उरलेला कुठून आला?"

उरलेला वाफेचा. आत पाणी आहे, त्याची सतत वाफ होतेय, म्हणजे गॅसचं प्रमाणच वाढतंय, आणि शिटी झाली की त्यातलं थोडं बाहेर जातंय. मुळात गे-लुसॅक बघायचा तर कुकर कोरडा तापवायला पाहिजे, आणि तसा तापवला तर बायको मला तापवेल. म्हणजे इतकी वर्षं सगळे जे उदाहरण देतात त्यात पण एक गोष्ट स्थिर नाहीच. मला एकदम बारावीचं ओझं थोडं हलकं झाल्यासारखं वाटलं.

मग राहिलेला दुसरा, चार्ल्सचा. तापमान वाढलं की आकारमान वाढतं, दाब स्थिर. ह्या जाक चार्ल्सबद्दल मला आपुलकी आहे, कारण त्याने 1787च्या सुमाराला हे सगळं केलं आणि छापलंच नाही. 1802 साली गे-लुसॅकने स्वतःचं काम छापलं आणि त्यात चार्ल्सचं नाव सांगितलं, नाहीतर कोण विचारतं. आमच्या पतपेढीत दुसऱ्याने केलेल्या कामाचं असं कोणी सांगितल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

गणपतीच्या डेकोरेशनमधले फुगे उरलेले, त्यातला एक लाल फुगवला, गाठ मारली, पोटाला सुतळी गुंडाळून मोजला, बरोब्बर 60 सेंटीमीटर. आणि फ्रीजरमध्ये ठेवला, शनिवारी आणलेल्या बांगड्यांच्या पिशवीवर. लाईट नव्हती पण फ्रीजर तसा थंड होता, शून्य धरू. तासाभराने काढला. चिऊने सुतळी लावली. 58.

"दोन सेंटीमीटर? बाबा, दोन सेंटीमीटर तर सुतळी ढिली धरली तरी येतात."

माझ्या डोक्यात तो फुगा लिंबाएवढा होणार होता. पण हिशोब केला तर बरोबर होता हो. 306चे 273 झाले, आकारमान अकरा टक्के कमी, आणि अकरा टक्के आकारमान कमी झालं की घेर कमी होतो चारएक टक्केच, कारण घेराचा घन आकारमानात जातो. लाईट असती आणि फ्रीजर उणे 18 असता तरी साडेतीन सेंटीमीटरच्या वर काही मिळालं नसतं. त्यात रबर स्वतः आत ओढतं, म्हणजे दाब पण पूर्ण स्थिर नाही. आम्ही फुगा परत आत ठेवला, लाईट येईल तेव्हा बघू.

चारच्या सुमाराला भाचा आला. तो तारकर्लीला स्कुबाच्या बोटीवर असतो, बारावीला केमिस्ट्रीतच उडाला आणि त्याचं त्याला सुतकही नाही. चिऊची वही बघून म्हणाला, "मामा, ह्या तर आमी रोज शिकवतंव." पर्यटकाला पाण्यात सोडायच्या आधी ते एक गोष्ट दहा वेळा सांगतात, श्वास रोखायचा नाही. दर दहा मीटरला एक वातावरण, म्हणजे वरच्या हवेच्या दाबाएवढा, दाब वाढतो. वर एक, दहा मीटरला दोन, वीस मीटरला तीन. खाली तुम्ही नळकांड्यातून हवा घेता ती तिथल्या दाबाची. दहा मीटरला छातीत सहा लिटर हवा भरली आणि तोंड मिटून वर आलात तर वर येईपर्यंत तिला बारा लिटर जागा पाहिजे. एवढी जागा कोणाच्याच बरगड्यात नसते, मोठ्या पुढाऱ्यांच्या सुद्धा.

"आणि वायट ते वरचे दहा मीटर," तो म्हणाला. वीसवरून दहावर येताना हवा दीडपट होते, दहावरून वर येताना दुप्पट. लोकांना वाटतं आता काय, पोचलो. रिकामी प्लास्टिकची बाटली झाकण लावून खाली नेली तर कशी चुरगळते आणि वर आणली की कशी कडकड करत सरळ होते ते त्याने हाताने करून दाखवलं, तोंडाने आवाज काढून. चिऊने पेन खाली ठेवून ऐकलं. मी सकाळपासून तीन तास घालवले तेव्हा तिने पेन खाली ठेवलं नव्हतं, डुलकी काढताना सोडून.

"पण दादा, तापमान स्थिर असतं का तिथे?" पोरगी सोडत नाही.

"पाण्यात? तां सकाळपासून सांजवेळपर्यंत एकच," भाचा म्हणाला.

म्हणजे अख्ख्या तालुक्यात त्या दिवशी बॉईलचा नियम नीट चालत होता तो फक्त समुद्राच्या तळाशी. चिऊने लगेच "मग मला प्रॅक्टिकलला घेऊन चल" सुरू केलं, आणि भाच्याने रेट सांगितला, तो मामाच्या मुलीसाठी म्हणून कमी केलेला रेट ऐकून माझ्या छातीतली हवा तिथल्या तिथे निम्मी झाली.

ह्या सगळ्या गडबडीत आयेने निर्णय घेतला की लाईट काय येत नाही, बांगडे खराब होतील, आजच तिखलं करून टाकायचं. संधिप्रकाशात तिने फ्रीजरमध्ये हात घातला. मग स्वयंपाकघरातून फट्ट असा आवाज आला आणि पाठोपाठ, "मेल्या, फ्रीजरात ह्यां काय ठेवलंस? माका वाटलां खंयच्या मोठ्या म्हावऱ्याचां काळीज! आडाळ्यार धरलंय तर फुटला मा!"

आयेला मी दोष देणार नाही. 27 ऑगस्ट 1783 ला ह्याच चार्ल्सने पॅरिसमधून हायड्रोजन भरलेला, आत कोणी न बसलेला फुगा सोडला होता, तो गोनेस नावाच्या गावात जाऊन पडला, आणि गावकऱ्यांनी हा कोण राक्षस आला म्हणून शेतातली हत्यारं घेऊन त्याच्या चिंध्या केल्या. चार्ल्सने तरी पुढे डिसेंबरात दुसऱ्या फुग्यात स्वतः बसून उड्डाण केलं. मी चिंध्या गोळा केल्या. मेणबत्तीच्या उजेडात तीन सापडल्या.

साडेआठला जेवायला बसलो. लाईट नाहीच. उकड्या तांदळाचा भात आणि बांगड्याचं तिखलं, तिरफळाचा वास घरभर. दुसऱ्या घासाला दाताखाली आमसुलाचं सोल आलं. चावलं, चावेना. परत चावलं.

"आये, सोल जरा जून आहे काय गो?"

"चोख आणि टाक," आये म्हणाली.

चोखलं. आंबट लागेना. जिभेने जरा फिरवून बघितलं तर त्याला गाठ मारलेली होती.