रुंद स्लाइड म्हणजे मोठा आवाज? ट्रॉम्बोनबद्दल फिरणाऱ्या त्या मेसेजला उत्तर

गेल्या महिन्याभरात एकच मेसेज मला तीन जणांनी पाठवलाय. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं: ट्रॉम्बोन (पितळी फुंकवाद्य) घेताना मॉडेल नंतर बघा, आधी स्लाइडची, म्हणजे पुढेमागे सरकवून सूर बदलायच्या नळीची, रुंदी बघा. रुंद स्लाइडचा आवाज मोठा. प्रोफेशनल लोक फक्त ०.५४७ वाजवतात. लहान मुलांना अरुंद स्लाइड घ्या, म्हणजे सातवी पोझिशन (स्लाइड सगळ्यात लांब सरकवायची जागा) जवळ येते. रुंद स्लाइड अडकत नाही. आणि लार्ज बोअरची कुठलीही स्लाइड लार्ज बोअरच्या कुठल्याही बेलला (पुढच्या कर्ण्याला) बसते. पाठवणाऱ्यांपैकी एक मित्र तर आपल्या अकरा वर्षांच्या मुलीसाठी हे वाचून सेकंडहँड घ्यायला निघाला होता, म्हणून म्हटलं आता नीटच लिहू.

आधी घोळ कुठे झालाय ते बघू. स्लाइडची रुंदी म्हणून दोन वेगळी मापं एकत्र केलीयेत. एक म्हणजे बोअर, स्लाइडच्या आतल्या नळीचा आतला व्यास, आणि ०.५४७ इंच हे बोअरचं माप आहे. दुसरं म्हणजे वरची नळी आणि खालची नळी यांच्यातलं अंतर, जे टोकाच्या वळणावर, म्हणजे बो वर ठरतं. या दोन मापांचा एकमेकांशी फारसा संबंध नाही, एकाच बोअरची स्लाइड काही मेकर कमी आणि जास्त अशा दोन्ही अंतरांत बनवतात. मेसेजवाला पहिल्या वाक्यात एका मापाबद्दल बोलतो आणि तिसऱ्यात दुसऱ्याबद्दल, आणि वाचणाऱ्याला पत्ताच लागत नाही.

आता आवाज. विद्यार्थ्यांसाठीचा यामाहा वायएसएल-३५४ घ्या, बोअर १२.७ मिमी. ऑर्केस्ट्रात सर्रास दिसणारा बाख ४२ किंवा कॉन ८८एच घ्या, बोअर साधारण १३.९ मिमी. फरक किती, तर सव्वा मिलिमीटरही नाही. नळीचं क्षेत्रफळ काढलं तर लार्ज बोअर वीसेक टक्क्यांनी मोठा पडतो हे खरं, पण तुमची हवा आधी माउथपीसच्या, म्हणजे ओठ टेकवायच्या तोंडाच्या, भोकातून जाते आणि ते भोक जेमतेम ६-७ मिमीचं असतं, त्यापुढची नळी, लीडपाइप, हळूहळू रुंद होत बोअरपर्यंत जातो. मोठ्या बोअरला हवा जास्त लागते, टोन गडद आणि भरदार होतो, पण म्हणून तो जास्त लांब पोचतो असं नाही, उलट अनुभव येतो. ट्रॉम्बोनमध्ये एकाच व्यासाची सरळ नळी लांबलचक असल्यामुळे जोरात वाजवलं की ध्वनिलहर पुढे जाताजाता अधिकाधिक खडी होत जाते आणि तो झणझणीत पितळी आवाज तयार होतो. बारीक बोअरमध्ये हे कमी ताकदीतच सुरू होतं, म्हणून तर बिग बँडमध्ये (जॅझच्या मोठ्या वाद्यवृंदात) बारीक बोअरचा ट्रॉम्बोन सगळ्या गोंगाटातून कापत बाहेर येतो. नळ्यांमधल्या अंतराचं म्हणाल तर रुंद स्लाइड जरा मोकळी वाटते, अरुंद जरा घट्ट वाटते असं वाजवणारे सांगतात, मलाही तसं जाणवलंय, पण ते वाजवणाऱ्याच्या हाताला आणि ओठाला जाणवतं, शेवटच्या रांगेतल्या माणसाला नाही.

प्रोफेशनल फक्त ०.५४७ वाजवतात याचं उत्तर तर जॅझचा इतिहासच देतो. टॉमी डॉर्सीचं नाव किंग २बी शी जोडलेलं आहे, ज्याचा बोअर वरच्या नळीत ०.४८१ इंच आणि खालच्या नळीत ०.४९१ इंच. हो, एकाच स्लाइडच्या दोन नळ्या वेगवेगळ्या मापाच्या असू शकतात, याला ड्युअल बोअर म्हणतात. जे. जे. जॉन्सन किंग ३बी वर वाजवायचे, ०.५०८. आणि बास ट्रॉम्बोनवाले ०.५६२ वर असतात. हे सगळे प्रोफेशनल नव्हेत का? कुठलं संगीत वाजवायचंय त्यावर बोअर ठरतो. आणि लार्ज बोअर घेतलात की माउथपीसही लार्ज शँकचा, म्हणजे जाड दांड्याचा, लागतो, मुलीच्या शाळेतला स्मॉल शँकचा माउथपीस त्यात नीट बसणारच नाही, हा खर्च मेसेजमध्ये कुणी धरलेला नाही.

सातव्या पोझिशनचा मुद्दा वाचून मला खरंच वाईट वाटलं, कारण यात लहान मुलांचं नाव घेतलंय. नेहमीच्या ट्रॉम्बोनची, म्हणजे बी फ्लॅट टेनरची, नळी सुमारे पावणेतीन मीटर. एक पोझिशन पुढे, म्हणजे एक सेमीटोन (अर्धा सूर) खाली जायला नळी साधारण सहा टक्के लांबवावी लागते, ती लांबी दोन नळ्यांत वाटली जाते म्हणून स्लाइड पहिलीहून दुसरीला सुमारे ८ सेमी सरकते, आणि सहावीहून सातवीला जवळजवळ ११ सेमी, कारण तोवर नळी लांब झालेली असते. पहिली ते सातवी मिळून ५५ सेमीच्या वर. यात नळ्यांमधलं अंतर कुठे आलं? कुठेच नाही. हात पुरत नसेल तर एफ अटॅचमेंट (अंगठ्याने उघडायची जास्तीची नळी) आहे, आखूड नळीचा आल्टो ट्रॉम्बोन आहे. पूर्वी ब्रिटनमध्ये जी सुरातला बास ट्रॉम्बोन वाजवायचे त्याच्या स्लाइडला चक्क दांडी जोडलेली असायची, माणसाचा हातच पुरायचा नाही म्हणून. अरुंद स्लाइडचा लहान मुलांना फायदा आहे, पण तो डाव्या पंजाला, पकड जवळ येते म्हणून.

अडकण्याबद्दल. आतल्या नळीच्या टोकाकडे बोट फिरवून बघा, शेवटचा थोडा भाग किंचित जाड लागतो. त्याला स्टॉकिंग म्हणतात, बाहेरच्या नळीला तोच टेकतो, बाकीची नळी टेकत नाही. स्लाइड अडकते ती स्टॉकिंगवरचं क्रोम झिजल्यामुळे, नळीला बारीक पोचा आल्यामुळे किंवा दोन नळ्या समांतर न राहिल्यामुळे. रुंदीचा यात काही हात नाही.

आणि शेवटचं, कुठलीही स्लाइड कुठल्याही बेलला. यात माझे स्वतःचे पैसे गेलेत. एका दुकानदाराने अगदी खात्रीने सांगितलं की दोन्ही ०.५४७ आहेत, बसणारच, मी बाखच्या बेलसाठी कॉनची स्लाइड उचलली आणि घरी आल्यावर जोडाचा टेपर (निमुळतेपणा) जुळेना, नट धरेना, बेल नुसती हलत राहिली. बाख आणि कॉन दोन्ही ब्रँड आज कॉन-सेल्मर या एकाच कंपनीचे आहेत, तरी त्यांचे जोड वेगळे आहेत.

मित्राला मी इतकंच सांगितलं की कॅलिपर (व्यास मोजायचं साधन) घरी ठेव आणि हे कर. आतली स्लाइड सपाट काचेवर आडवी ठेव, चारही टोकं टेकतात का बघ. मग बाहेरच्या नळ्यांत आतल्या नळ्या एकेक करून सरकव, दोन्ही वेगवेगळ्या सुटसुटीत जातात पण एकत्र घातल्यावर अडकतात, तर समांतरपणा गेलाय. मग स्लाइड जोडून उभी धर, वरची दोन्ही भोकं अंगठ्यांनी घट्ट बंद कर, मुलीला लॉक सोडायला सांग, पण खाली तिचा हात असू दे. बाहेरची स्लाइड हळूहळू उतरली तर नळ्या हवा धरून आहेत, धपकन पडली तर ते वाद्य तिथेच ठेवून या.