४५२००१ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

इंदूरच्या ४५२००१ या पिनकोडाचे अवयव पाडणाऱ्या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंत : पिनकोड हा पत्ता आहे, संख्या नव्हे; ही संख्या अगदीच सामान्य आहे; आणि अंकांची बेरीज करून भागणं म्हणजे करमणूक, गणित नव्हे.

पहिल्या मुद्द्यावर फार वाद नाही. श्रीराम भिकाजी वेलणकरांनी आखलेली ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाली ती पत्रांच्या वर्गवारीसाठी, भागाकारासाठी नव्हे. पण सहा अंक ओळीने मांडले की संख्या झालीच, आणि ती कशाने भागली जावी हे टपाल खात्याच्या हातात राहत नाही.

‘सामान्य’ या शब्दाशी मात्र मला थांबायचंय, कारण तो तपासता येतो. ४५२००१ = ३ × ११ × १३६९७, तिन्ही मूळ संख्या. (अकराची कसोटी तोंडी होते : ४+२+० आणि ५+०+१, दोन्हीकडे सहा.) इंग्रज गणिती हार्डी आणि रामानुजन यांनी १९१७ मध्ये दाखवलं, की बहुतेक मोठ्या संख्यांना वेगवेगळे मूळ अवयव किती असतात, तर संख्येच्या नैसर्गिक लॉगॅरिदमचा पुन्हा लॉगॅरिदम घेतल्यावर जे येतं त्याच्या आसपास. इथे तो येतो २.५७, आणि आपले अवयव तीन. म्हणजे तुमचं म्हणणं खरं आहे, आणि ते खरं का आहे हे सांगायला रामानुजन लागले!

आता इंदूरचाच ४५२०१६ बघा, फक्त पंधराने पुढे. एवढ्या मोठ्या संख्यांना सरासरी १४ च्या आसपास विभाजक असतात. ४५२००१ ला आठच आहेत, हिला साठ. स्वतःला सोडून बाकी विभाजकांची बेरीज ४५२००१ ची होते २,०५,५०३, म्हणजे निम्म्याहूनही कमी. ४५२०१६ ची ८,६०,१५२, जवळजवळ दुप्पट. पहिली न्यून (बेरीज संख्येहून कमी), दुसरी विपुल (बेरीज संख्येहून जास्त). शेजारी राहून इतका फरक मला तरी थक्क करतो.

शिवाय ४५२०१६ च्या अंकांची बेरीज १८ आणि १८ ने ती निःशेष भागली जाते. देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर अशांना हर्षद संख्या म्हणत. हा गुण दशमान पद्धतीवर अवलंबून आहे, हे खरंच. पण म्हणून ती नुसती करमणूक होत नाही. दशमानात सलग २१ हर्षद संख्या कधीच येऊ शकत नाहीत, २० मात्र येतात, हे कूपर आणि केनेडी या गणितींनी १९९३ मध्ये सिद्ध केलं. त्यांनी रचलेल्या अशा वीस संख्यांच्या ओळींपैकी सर्वांत लहान ओळ जिथे सुरू होते, त्या संख्येत ४४ अब्जांहून जास्त अंक आहेत. तिथे मोजून पोचता येत नाही, सिद्धताच लागते. त्यामुळे या तिसऱ्या मुद्द्यावर मी तुमच्याशी सहमत नाही.